बिनकळांची बासरी

१८४७ साली म्युनिकच्या टेओबाल्ड बोएम या वादक-कारागिराने बासरीचा प्रश्न एकदाचा निकालात काढला, असं पाश्चात्त्य वाद्यवृंदांचं मत आहे. छिद्रं बोटं पोहोचतात तिथे न पाडता ध्वनिशास्त्राला हवीत तिथे पाडायची, उघड्या बोटाने झाकायला अवघड जातील एवढी मोठी ठेवायची, आणि झाकण्या-उघडण्याचं काम कळांवर आणि गाद्यांवर सोपवायचं. नळी सरळ आणि धातूची. बाराही सूर सारख्या वजनाचे. आज कुठल्याही ऑर्केस्ट्रात दिसते ती चांदीसारखी चकाकणारी बासरी ही बोएमसाहेबांचीच.

हा निकाल सगळ्यांनी मानला असं मात्र नाही. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांतल्या वादकांनी तो मानला नाही आणि आपणही मानला नाही. कारण दोघांचं एकच आहे: छिद्रावर उघडं बोट पाहिजे. बोटाची कातडी थेट छिद्राच्या काठावर टेकली, की ते बोट अर्धं उचलता येतं, पाव उचलता येतं, कडेवरून सावकाश सरकवता येतं, टिचकीसारखं आपटता येतं. मध्ये कळ आली की सूर एक तर लागतो नाही तर लागत नाही. मधली सगळी वाट बंद होते. आणि ज्यांचं सगळं गाणं त्या मधल्या वाटेवरच चालतं, त्यांनी कळ घ्यावी कशाला?

या हट्टाची किंमत मात्र मोजावी लागते. धातूची बासरी बिघडली तर दुरुस्तीवाल्याकडे जाते. बांबूच्या किंवा लाकडाच्या बासरीचा दुरुस्तीवाला बहुतेक वेळा वाजवणारा स्वतःच असतो. तेल कधी द्यायचं, कुठलं द्यायचं, बूच सरकलंय का, तडा वरचा आहे की आरपार गेलाय, हे त्यालाच बघावं लागतं. हिंजवडी-माण-मारुंजी पट्ट्यात संध्याकाळी लॅपटॉपची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बासरीच्या वर्गाला येणारी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून ही पुस्तिका लिहिली आहे. तिच्यात आयरिश लाकडी बासरीला एवढी जागा का दिली, हे सांगणं प्रस्तावनेकडे आलं.

सोपं कारण असं की बासरी सांभाळायची कशी, याबद्दल आपल्याकडे तोंडी पुष्कळ आणि लेखी फार थोडं आहे. गुरू सांगतात, शिष्य ऐकतो, आणि ऐकलेलं पुढे सांगताना त्यात मोहरीच्या तेलाचं खोबरेल होतं. आयरिश बासरीची लाकडं महाग, जुनी, कधी कधी शे-दीडशे वर्षांची. तडा गेला तर नुकसान मोठं. त्यामुळे त्या लोकांनी लाकूड, हवा आणि श्वासातली ओल यांचा हिशेब बारकाईने मांडून ठेवला आहे. तो आपल्या बांबूला जसाच्या तसा लागू होत नाही, पण विचार कसा करायचा हे त्यातून कळतं.

दुसरं कारण मला जास्त जवळचं वाटतं. आयर्लंडमधली ही बासरी मुळात आयर्लंडची नव्हेच. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये लाकडी बासऱ्यांचा मोठा व्यापार होता. रडॉल अँड रोझ ही नामांकित पेढी १८२१ सालची. चार्ल्स निकल्सन नावाचा वादक मोठ्या छिद्रांची लाकडी बासरी वाजवून लंडन गाजवत होता. १८३१ मध्ये बोएम लंडनला गेला, त्याने निकल्सनचा दणदणीत आवाज ऐकला, आणि आपली बासरी मुळापासून नव्याने घडवायच्या ईर्षेला तो पेटला. म्हणजे ज्या लाकडी बासरीमुळे बोएमची बासरी जन्माला आली, तिलाच पुढे बोएमच्या बासरीने बाजारातून हुसकून लावलं. श्रीमंत हौशी लोकांनी नवी घेतली; जुन्या लाकडी बासऱ्या जुन्या बाजारात, गहाणवटीच्या दुकानांत स्वस्तात येऊन पडल्या. आयरिश शेतकऱ्या-मजुरांच्या हाती लागल्या त्या या. त्यांच्यावर असायच्या त्या चार-आठ कळांकडे कित्येकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सहा छिद्रं, सहा बोटं, बस्स. स्लायगो, रॉसकॉमन, लिट्रिम, क्लेअर या परगण्यांत नाचाला साथ करता करता त्या टाकाऊ वाद्याची स्वतंत्र शैली तयार झाली.

आणि वाजवणारे कोण होते? कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेले फ्रान्सिस ओनील शिकागोत पोलीसप्रमुख झाले. स्वतः बासरी वाजवायचे, आणि त्यांनी १९०३ साली १८५० आयरिश धुनांचा संग्रह छापला. आजही त्याला प्रमाणग्रंथ मानतात. लिट्रिमचे जॉन मॅकेना न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात होते. १९२० च्या दशकात निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका समुद्र ओलांडून परत आयर्लंडला गेल्या आणि तिथल्या पोरांनी त्यांच्यावरून फुंक शिकून घेतली. १९४७ साली जन्मलेले मॅट मलॉय पुढे ‘द चीफ्टन्स’मधून जगभर पोहोचले, पण त्याआधी एअर लिंगस या विमान कंपनीत नोकरीला होते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी बासरी, ही रीत हिंजवडीत सुरू झालेली नाही, एवढं लक्षात यावं म्हणून ही नावं दिली.

जाता जाता एक गंमत. आयर्लंड आपल्याला वाटतं तेवढं लांब नाही. १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर उभी असलेली कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट पुढे १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची पलटण झाली. खडकीचं नाव त्या डब्लिनच्या पलटणीच्या युद्धसन्मानांत लागलेलं होतं. हिंजवडीहून खडकीला जायला हल्ली ट्रॅफिकमुळे जितका वेळ लागतो, तेवढ्यात हा इतिहास दोनदा सांगून होतो.

आता बोटांकडे येऊ. कारण खरं नातं तिथे आहे.

आयरिश बासरी ‘डी’ची असते, म्हणजे सहाही छिद्रं झाकून फुंकलं की डी वाजतो आणि त्यालाच ते षड्जासारखं घर मानतात. आपली पांढरी पाचची बासरी घ्या. षड्ज वाजतो वरची तीन छिद्रं झाकून, आणि तो असतो जी. सहाही झाकली की मिळतो मंद्र पंचम, म्हणजे डी! दोन्ही बासऱ्या एकाच लांबीच्या आसपासच्या, एकाच उंचीच्या. खालून एकेक बोट उचलत गेलं तर आपल्याकडे प ध नी सा रे ग आणि सगळी छिद्रं उघडी पडल्यावर तीव्र मध्यम. त्यांच्याकडे तेच सात सूर डी मेजरचे. आपण ज्याला पंचम म्हणतो तिथे त्यांचं घर आहे, एवढाच काय तो फरक. ज्याच्याकडे पांढरी पाच आहे त्याने आयरिश धुनेचं स्वरलेखन समोर ठेवून मंद्र पंचमाला सा समजावं. बोटं आपोआप बसत जातात. एकच गाठ पडते ती कोमल निषादाची, म्हणजे आपल्या शुद्ध मध्यमाची. आपण वरचं छिद्र अर्धं झाकून तो काढतो. ते लोक वरचं पहिलं उघडं टाकून त्याखालची दोन झाकतात. दोन्ही करून बघा. अर्ध्या छिद्राचा सूर गोड आणि लवचीक, त्यांचा सूर झटपट. जलद लयीत अर्धं बोट दगा देतं, हे कुठल्याही बासरीवाल्याला माहीत आहे.

बोटं धरायची पद्धतही सारखीच निघते. शेंड्यांनी नव्हे, चपट्या बोटांनी. छिद्रं लांब लांब असली की पेराच्या मांसल भागाने. बोटांची पकड ज्याची सैल तोच दोन्ही बासऱ्यांवर टिकतो.

वेगळेपण अलंकारांत आहे. आयरिश वादक ‘कट’ देतो, म्हणजे वरचं एक बोट क्षणभर उचलून टाकतो; ‘टॅप’ देतो, म्हणजे खालचं बोट छिद्रावर आपटून उचलतो; आणि ही दोन्ही एकाच लांब सुरात गुंफली की ‘रोल’ होतो. ऐकताना खटक्या-मुरकीची आठवण होते. पण काम निराळं आहे. त्यांचा अलंकार लयीसाठी आहे: नाचणाऱ्याच्या पावलाला ठोका मिळावा म्हणून. सहा मात्रांचा ‘जिग’ लांबून दादऱ्यासारखा भासतो, आणि त्यातले कट बरोबर पाय पडतो तिथे येतात. आपला कण, आपली मींड दोन सुरांमधली जागा भरते. एका बाजूला बोट सूर तोडतं, दुसऱ्या बाजूला जोडतं. बोट मात्र तेच आणि छिद्र तेच. माझं मत विचाराल तर वर्षभर बासरी शिकलेल्याने दोन-चार जिग जरूर बसवावेत. विलंबितात लपून राहणारा बोटांचा आळस जिगमध्ये पहिल्या आवर्तनात चव्हाट्यावर येतो.

आपल्या बाजूची गोष्ट पन्नालाल घोष यांच्यापासून सांगावी लागते. १९११ साली बारिसालला जन्मलेले पन्नालालबाबू १९४० साली मुंबईत आले, सिनेमात काम केलं, १९४७ पासून उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. त्यांच्या आधी बासरी लोकसंगीतात आणि सुगम साथीत रमलेली होती. जत्रेत बांबूला टोचून विकायला येणाऱ्या बासरीत ख्याल मावत नव्हता. त्यांनी बासरी लांबवली, बत्तीस इंचांपर्यंत नेली, आणि करंगळीसाठी सातवं छिद्र पाडलं, तीव्र मध्यम नीट लागावा म्हणून. लांब बासरी म्हणजे खर्ज. खर्ज म्हणजे आलापीला जागा. १९६० साली ते गेले तेव्हा वय पन्नासही नव्हतं. मुंबईत त्यांची परंपरा देवेंद्र मुर्डेश्वर आणि इतर शिष्यांनी चालवली, आणि तिचा एक फाटा पुण्यात पं. केशव गिंडे यांच्यापर्यंत आला. गिंडेंनी वाढीव छिद्रांची ‘केशव वेणू’ घडवली, सप्तकांचा विस्तार वाढावा म्हणून. नीट पाहिलं तर बोएमचा प्रश्न आणि घोष-गिंडेंचा प्रश्न एकच होता: सहा छिद्रांत गाणं पुरत नाही. बोएमने कळा लावल्या. यांनी छिद्र वाढवलं, पण बोट उघडंच ठेवलं. या दोन उत्तरांतलं अंतर संगीताच्या कुठल्याही जाडजूड ग्रंथापेक्षा मला जास्त बोलकं वाटतं.

पं. हरिप्रसाद चौरसियांची वाट निराळी. अन्नपूर्णादेवींकडून आलेलं आलाप-जोड-झाल्याचं अंग त्यांनी बासरीवर आणलं, आणि जिभेच्या ‘तु-कु’ आघातांना झाल्यात मोठं काम दिलं. जुहूच्या त्यांच्या वृंदावन गुरुकुलातून तयार झालेले वादक आज सगळीकडे आहेत. आणि मराठी घरांत बासरी सर्वांत जास्त ऐकली गेली ती बहुधा झी मराठीच्या ‘सा रे ग म प’मध्ये, अमर ओक यांच्या हातची. वर्गात नाव घालताना आजही कित्येक जण तोच संदर्भ देतात. देऊ देत. सुरुवात कुठूनही झाली तरी चालते.

आता लाकूड आणि बांबू.

आयरिश बासरी आजकाल बहुतेक आफ्रिकन ब्लॅकवुडची करतात. हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातलं. दोघांचं शास्त्रीय नाव ‘डाल्बर्जिया’पासूनच सुरू होतं. लाकूड इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. २०१७ पासून या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. परदेशातून बासरी मागवणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवलेलं बरं. ही बासरी तीन-चार तुकड्यांची असते. सांध्यांवर मेण लावलेला दोरा किंवा बुचाचा पातळ पट्टा असतो. आतली पोकळी डोक्याशी सरळ आणि पुढे निमुळती होत जाते.

बांबू म्हणजे गवत. त्यात लाकडासारखे आडवे किरण नसतात. सगळे तंतू उभे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यामुळे तडा जातो तो उभाच जातो, आणि एकदा सुरू झाला की थांबायला मध्ये काही नसतं. शिवाय बाहेरची साल मेणचट, पाणी शिरू न देणारी. आतली बाजू ओल पिणारी. आत फुगतं, बाहेर फुगत नाही. पुन्हा सुकताना उलट. हे ओढाताणीचं प्रकरण समजलं की बासरीची सगळी निगा समजली.

मैफलीच्या बासरीला पातळ भिंतीचा, लांब पेराचा बांबू लागतो, आणि तो मुख्यतः आसामातून येतो. उत्तर प्रदेशातलं पिलिभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे ते याच आसामी बांबूच्या जोरावर. आपल्याकडचा माणगा भरीव आणि काटेरी कळक जाड भिंतीचा. मांडवाला आणि शिडीला उत्तम, बासरीला नाही. मुळशीच्या बेटातून बांबू तोडून बासरी करायचं वेड दर बॅचमधल्या एकाला तरी लागतं. करून बघावी, बोटांना शहाणपण येतं. वाजवायला मात्र दुसरी ठेवावी. कापलेल्या बांबूत पिष्ट राहिलं तर भुंगे पोखरतात, हेही त्यातून शिकायला मिळतं. कालिदासाच्या काव्यात वाऱ्याने वाजणारे कीचक वेळू येतात, ते काव्यात छान. घरातल्या बासरीला किड्याचं छिद्र पडलं की ती बासरी संपली.

हिंजवडीची हवा या सगळ्याला दोन्हीकडून पेचात धरते. चैत्री पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड निघतं, तेव्हापासून मृगापर्यंत दुपारची हवा इतकी कोरडी, की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. मग जून उजाडतो आणि हीच आर्द्रता ऐंशीच्या वर. मुळशीच्या डोंगरांकडे तोंड असल्यामुळे पुण्याच्या पूर्वेपेक्षा इथे पाऊसही जास्त. निसर्गाची ही चाल बासरी सहन करते, कारण तो बदल सावकाश होतो. ती मरते ती आपल्या चालीने. भर पावसात ओली हवा प्यायलेली बासरी ऑफिसात नेऊन एसीच्या झोताखाली दिवसभर ठेवायची. मे महिन्यात डिकीत किंवा गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून मीटिंगला जायचं. उन्हात उभ्या गाडीत साठ अंशांच्या वर तापमान जातं. संध्याकाळी गाडी उघडली की बासरी वरून सुरेख दिसते, आणि घरी येऊन खर्ज लावला की तो घोगरा निघतो.

तडा डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो, आणि तो असा. गळती कुठेही असली तरी आधी सगळ्यांत खालचे सूर पातळ होतात, कारण त्यांना पूर्ण नळी बंद लागते. मंद्र पंचम काल भरीव होता आणि आज त्याला जोर लावावा लागतोय, तर ओठाला दोष देण्याआधी नळी तपासा. खालचं टोक तळहाताने घट्ट बंद करा; खाली न वाजणारी स्वर जुळवणीची छिद्रं असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावा; सहाही बोटं ठेवा आणि फुंकायच्या छिद्राला ओठ लावून हवा आत ओढा. नळी धड असेल तर ओढ ओठांना धरून राहते, जराशी चिकटते. फुटलेली असेल तर हवा मुकाट्याने येत राहते. मग नळीवर कडेने उजेड पाडून बारीक रेघ शोधायची. वरवरची रेघ पातळ सुपरग्लूने भरते. आरपार असेल तर ग्लू भरून वरून दोरा आवळून बांधायचा, छिद्रांच्या मधल्या जागेत. बासरीवरचे रंगीत रेशमी दोरे नुसते शोभेला असतात असं समजणाऱ्यांना हे सांगावं लागतं. आता बाजारात बऱ्याचदा ते शोभेलाच असतात, आणि त्यांची किंमत मात्र लावलेली असते.

तेलाबद्दल वाद फार. उत्तरेकडचे कारागीर मोहरीचं तेल वापरतात, ते उत्तम, वास सोसत असेल तर. आयरिश मंडळींचा भर बदामाच्या तेलावर. खोबरेल नको: चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि पुण्याच्या डिसेंबरात सकाळच्या रियाजाला नळीत पांढरी साय धरलेली सापडते. जवसाचं तेल सुकून पापुद्रा धरतं. आत थर जमत गेला तर नळीची मापं बदलतात. आणि बदाम तेल घेताना बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डोक्याला लावायच्या तेलात बऱ्याचदा खनिज तेल आणि सुगंधच जास्त असतो. तेल आतून द्यायचं, काडीला गुंडाळलेल्या सुती फडक्याने, थेंब ओघळणार नाही इतकंच. रात्रभर आडवी ठेवायची, सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची. फुंकायच्या छिद्राच्या धारेवर तेलाचा टिपूस राहिला तर सूर फाटतो. पावसाळ्यात तेल कमी, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा नीट. यापेक्षा जास्त लाड करू नयेत. तेलात बुडवून काळ्या पडलेल्या, जड झालेल्या बासऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या सगळ्यांचा आवाज ओल्या चादरीखालून आल्यासारखा असतो.

नव्या लाकडी बासरीला आयरिश कारागीर सवय लावायला सांगतात: पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच, मग हळूहळू वाढवत. श्वासातली ओल लाकडात एकदम शिरली तर ते आतून फुगतं आणि बाहेरून फाटतं. डोक्याच्या तुकड्यात आतून धातूची नळी असली तर धोका उलटा. लाकूड सुकून आकसतं, आतली नळी आकसत नाही, मग लाकडाला फाटण्यावाचून गत्यंतर नसतं. सांध्यावरची चांदीची कडी बोटाने फिरायला लागली की समजायचं, लाकूड कोरडं पडतंय. तडा जाण्याआधीची ती सूचना आहे. वाजवून झाल्यावर तुकडे वेगळे करून ठेवावेत, नाही तर ओलसर सांधा फुगून बाहेरची बाजू फाडतो. चाळीस ते साठ टक्के आर्द्रता तिला मानवते. आपल्या उन्हाळ्यात म्हणून ती बंद पेटीतच ठेवायची, पेटीत ओलसर स्पंजाची छोटी डबी टाकून. पावसाळ्यात डबी काढायची आणि बुरशी शोधायची.

एसीचा आणखी एक प्रताप आहे, तो तडा जाण्याशी संबंधित नाही. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरी चढते: दर अंशाला साधारण तीन सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांतले तीन. बावीस अंशांच्या खोलीत जुळवलेली बासरी पस्तीस अंशांच्या गच्चीवर नेली, की हा फरक स्वच्छ ऐकू येतो. श्वासाच्या उबेने तो थोडा कमी होतो, पण मोबाइलमधला तानपुरा आपल्या जागी ठाम असतो. शिकाऊ माणूस मग ओठांनीच सूर उतरवायला बघतो आणि तीच सवय लावून घेतो. त्यापेक्षा तानपुरा चार पावलं सरकवावा. वाद्याने वाजवणाऱ्याचं ऐकावं, ही अपेक्षा फक्त कळांच्या बासरीकडून ठेवावी.

पीव्हीसीच्या किंवा फायबरच्या बासरीला नाक मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांतला नाही. आयर्लंडमध्येही डेल्रिन नावाच्या पॉलिमरच्या बासऱ्या कसलेले वादक वाजवतात, कारण तिथल्या पावसात त्यांना लाकूड बाहेर काढवत नाही. ज्याला रोज बसने प्रवास करायचा आहे, ज्याच्या हेल्मेटवर बासरीची पिशवी आपटत राहणार आहे, ज्याची फेज तीनमधली खोली रात्रभर एसीत असते, त्याने रोजच्या रियाजाला प्लास्टिकची आणि रविवारला बांबूची ठेवली तर काही बिघडत नाही. लांबी आणि छिद्रांची मापं दोन्हींची सारखी असावीत, एवढं बघावं. बोटं मापं लक्षात ठेवतात.

पुढच्या प्रकरणांत फुंक, श्वास आणि बोटं यांचा क्रम नेहमीचाच आहे. निगा मात्र मुद्दाम पहिल्या प्रकरणात घेतली आहे, आणि त्याची सुरुवात बुचापासून होते. बासरीच्या बंद टोकातलं बूच फुंकायच्या छिद्राच्या मध्यापासून साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं दूर असावं लागतं. आयरिश बासरीत ते एकोणीस मिलिमीटरच्या आसपास येतं, आपल्या लांब बासरीत थोडं जास्त. उन्हाळ्यात बूच सुकून सरकतं आणि मध्य सप्तकाशी तार सप्तक जुळेनासं होतं. तार षड्ज कमी लागतोय म्हणून नवी बासरी घ्यायला निघालेल्याने आधी एक काडी आत घालून हे अंतर मोजावं, बूच सैल असेल तर त्यावर दोऱ्याचे दोन-तीन फेरे द्यावेत आणि जागेवर बसवून पुन्हा फुंकून पाहावं.